बोटभर खाली

"चाचा, इधर दो किसम का बाल है," रामनाथ म्हणाला आणि त्याची कात्री हारूनच्या डाव्या जबड्यापाशी थांबली. धामणकर नाक्यावरचं हे सलून जुनं, पण रामनाथ नवा. त्याच्या आधी या खुर्चीमागे तुळशीराम उभा असायचा. बारा वर्षं त्यानं हारूनची हजामत केली, पण कानाखालपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एकही केस न उगवणारा जो चौकोन होता, त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तो खुर्ची या जौनपूरच्या माणसाच्या हवाली करून गावी गेला. रामनाथला गिऱ्हाइकासमोर गप्प बसणं म्हणजे धंद्याचं नुकसान वाटे. हारूनला स्वतःला त्या चौकोनाचं आता काही वाटत नसे. दाढी राखली ती जुबैदा गेल्यावर. राखली म्हणजे करायचा कंटाळा केला. पण दाढी वाढली तशी मोहल्ल्यातले लोक जरा वाकून सलाम करू लागले, तेव्हा ती आपण राखलीच आहे असं त्यानंही दाखवलं. मध्ये खिडकी ठेवल्यासारखी ती दाढी बघून लूमवरचे कारागीर दोन दिवस हसले आणि मग विसरले. पण रामनाथ त्या खिडकीबद्दल बोलत नव्हता. "ऊपर का तो साफ मैदान है, वो छोडो. उसके नीचे देखो, एक उंगली की पट्टी. ये बाल आपका नहीं है चाचा, ये तो बच्चे का बाल है, पैदाइशी." त्यानं हातातला आरसा तिरका धरला आणि हारूनला ते दिसलं. चौकोनाची खालची कड संपत होती तिथून जबड्याच्या काठापर्यंत, एका बोटाच्या रुंदीची, पट्टी ठेवून कापल्यासारखी सरळ जागा होती. तिच्यात त्याच्या राखाडी राठ केसांऐवजी पिंगट मऊ लव होती. त्या बोटभर जागेची माहिती जगात दोघांनाच होती आणि त्यातलं एक माणूस दोन वर्षांपूर्वी कब्रस्तानात गेलं होतं. आता ती जागा आपण होऊन बोलायला लागली होती, तीसुद्धा एका न्हाव्याशी. "कुछ लगाया था क्या?" रामनाथनं विचारलं. "कुछ नहीं लगाया. तू तेरा काम कर," हारून म्हणाला, आणि ते बोलताना तोंडातला वास आरशावरून परत त्याच्याच नाकाशी आला.

वासाचं कारण त्याला ठाऊक होतं, फक्त त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. बकरी ईदच्या सुमाराला डावीकडची खालची दाढ इतकी दुखायला लागली की त्यानं नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडून ती उपटून घेतली. खड्डा भरायला हवा होता, तो भरला नाही. आता डिसेंबर होता. रोज सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी जीभ तिकडे जायची, चोरपावलांनी, आणि तिथे तिला काहीतरी खरखरीत लागायचं. आधी तांदळाच्या कणीएवढं होतं, मग चिंचोक्याएवढं झालं. दात नव्हता तो. दात काढून टाकला होता. डाव्या बाजूचा दात उपटायचा नाही हा नियम होता खरा. पण नियम जुबैदाकडे असायचे. तो कधी गालावर हात ठेवून बसला की ती चुलीपासूनच ओरडायची, "त्या बाजूचा दात काढायचा न्हाय हां, डाक्टरनी सांगितलाय." ती गेली तसे तिचे नियमही घरातून निघून गेले, आणि त्या दुखऱ्या दुपारी त्याला ते आठवले नाहीत असं नाही, पण आठवून देणारं कुणी नव्हतं. आता मात्र त्याची खात्री पटली होती. बारा वर्षांपूर्वी कानाखालून लिंबाएवढी गाठ काढली होती, तीच खालच्या अंगाला परत उगवली होती, दगडासारखी. कॅन्सर परत आला होता. हे त्यानं मुलीला सांगितलं नव्हतं, भावाला नव्हतं, आणि बरेचदा स्वतःलाही पुरतं सांगितलेलं नव्हतं.

सलूनमधून तो पायीच निघाला. रिक्षावाले "शेअर, शेअर" ओरडत होते, एका टेम्पोवर सुताचे गठ्ठे लादले होते, आणि गल्लीत शिरल्याबरोबर दोन्ही बाजूंच्या शेडमधून लूमची खटखट सुरू झाली. भिवंडीतल्या माणसाला ती कानानं ऐकू येत नाही, हाडांत जाणवते. हारूनला पोरवयापासून ती दातांच्या मुळाशी जाणवायची. बापानं त्याला पहिल्यांदा शेडमध्ये नेलं तेव्हा दात हलताहेत म्हणून तो रडला होता. पण गेली बारा वर्षं ती एकाच बाजूनं येत होती. उजवा जबडा गुणगुणायचा आणि डावा गप्प असायचा, शेजारच्या घराला कुलूप असावं तसा. तिथे आणखीही काही गोष्टी व्हायच्या बंद झाल्या होत्या. मे महिन्यात सगळं तोंड निथळत असताना तेवढा चौकोन कोरडा असायचा. डास तिथे बसायचे नाहीत. एकदा त्यानं मुद्दाम पाहिलं होतं: एक डास गालावर उतरला, त्या कडेपर्यंत चालत आला, थांबला आणि उडून गेला. डाव्या बाजूला थुंकी सुटायची बंद झाली होती, त्यामुळे तुटलेल्या धाग्याचं टोक ओठांत ओलं करून गाठ मारायची त्याची जुनी सवय मोडली. कोरड्या ओठांना सूत चिकटायचं आणि सोलून निघायचं. नमाजाआधी वुजू करताना, हातपाय-तोंड धुताना, पाण्याचा हात अजून त्या चौकोनाला वळसा घालूनच जायचा. तेव्हा पाणी लावायची मनाई होती म्हणून मौलानांनी तेवढी जागा कोरडी ठेवायची सूट दिली होती. मनाई कधीच संपली होती, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं.

हाताला तो चौकोन पाठ होता. चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये मुंबईच्या एका हॉस्पिटलात त्याच्या गालावर जांभळ्या शाईनं चार रेघा काढल्या होत्या. गाठ काढली होती, पण तिची मुळं राहिली असतील म्हणून रोज लाईट, म्हणजे मशीनच्या किरणांचा शेक, घ्यायची होती, आणि लाईट कुठे द्यायची हे त्या रेघांवरून ठरायचं. "पुसल्या तर सगळं मोजमाप पहिल्यापासून," असं सांगून त्याला घरी धाडलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. असल्या रोगाचं नाव घरात घेतलं की आलेलं स्थळ उंबऱ्यावरूनच परत जातं, म्हणून बाहेर दाढेचं दुखणं सांगितलं आणि रेघांवर रुमाल बांधला. आबिदा तेव्हा नऊ वर्षांची होती, तिलाही दाढच सांगितली. रोज सकाळी तो मुंबईला जायचा. गार खोली, तिचा हातभर जाडीचा दरवाजा, आणि "हिलो मत, बोलो मत" असं सांगून सगळ्यांचं बाहेर निघून जाणं. घाबरून पांगावीत तशी माणसं त्याच्यापासून दूर जायची आणि तो मशीनबरोबर एकटा राहायचा. काही दिसायचं नाही, काही दुखायचं नाही. दुखत नाही याचीच त्याला भीती वाटायची. आणि मग मे महिन्यात दंगलीत भिवंडी पेटली आणि कर्फ्यू लागला.

त्या दिवसांतलं दुसरं काही तो आठवत नसे. धूर, शिट्ट्या, जिन्यावर कुणाचे तरी बूट, हे सगळं इतरांसारखं त्यालाही होतं आणि इतरांसारखंच त्यानं ते कुठेतरी कोंबून ठेवलं होतं. त्याच्या वाट्याची आठवण वेगळी होती. गावातले सगळे लूम बंद पडले. जन्मात पहिल्यांदा त्यानं भिवंडीत शांतता ऐकली, आणि त्या शांततेत, दुपारी गादीवर पडल्या पडल्या, त्याला कळलं की एक लूम चालू आहे. तो त्याच्या गालात होता. फार बारीक, फार भराभर. त्यानं बोट ठेवलं तर नाडी वेगळी लागत होती आणि हे वेगळं होतं. मुंबईला जाता येत नव्हतं, लाईट चुकत होती, आणि आत कुणीतरी ही सुट्टी साधून डबल शिफ्ट लावली होती. त्यानं ते जुबैदाला सांगितलं. तिनं त्याच्या गालाला कान लावला. बराच वेळ ती तशीच राहिली आणि मग म्हणाली, "काय न्हाय. उगाच कायतरी मनात आणू नका." पण उठताना तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिला काय ऐकू आलं हे त्यानं नंतर कधी विचारलं नाही.

त्याच दुपारी तिला दिसलं की घामानं रेघा फिकट झाल्या आहेत. कर्फ्यू कधी उठेल ते कुणाला माहीत नव्हतं, आणि रेघा गेल्या तर सगळं पहिल्यापासून. ती खाली जाऊन कापडाच्या ताक्यांवर नंबर घालायची पेन्सिल घेऊन आली. ती पेन्सिल कोरडी असली की राखाडी उमटते आणि ओली केली की पक्की जांभळी, धुतली तरी न जाणारी. जुबैदानं त्याला खिडकीपाशी बसवलं, काड्यापेटीची कड गालाला लावली, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि फिकट रेघेवरून नवी रेघ ओढली. "हलू नका तुमी. रेघ गेली तर सगला पयल्यापासून करावा लागंल." मग रोज दुपारच्या नमाजानंतर हेच. तिचा श्वास त्याच्या कानावर यायचा, कांदा आणि मिसरीचा वास असलेला. वरच्या कडेला गालाचं मांस हलायचं, तिथे ती हलक्या हातानं रेघ गिरवायची. खालच्या कडेला जबड्याचं हाड होतं. तिथे काड्यापेटी छान टेकायची, आणि टेकायची म्हणून ती जरा खाली घ्यायची. रोज केसभर. एक दिवस आरशात बघताना त्याला ते कळलं. "जुबा, ही रेघ खाली आली." ती आरशात बघून म्हणाली, "रेघ हाय तिथंच हाय. तुमचा गाल उतरलाय. सुकलाव तुमी." आणि तिनं ते इतकं मायेनं म्हटलं की त्याला तेच खरं वाटलं, किंवा खरं वाटून घेणं बरं वाटलं. रेघ पुसायची सोय नव्हतीच.

एवढं सगळं आबिदाला चुकवून चालायचं. पण रंगलेली जीभ कुठे लपणार? एका संध्याकाळी आईच्या तोंडाकडे बघून पोरगी किंचाळली, "अम्मीनं जांभलं खाल्ली!" दारात शिपाई, दुकानं बंद, घरात डाळ-भातावर दिवस चाललेले, आणि अम्मीला कुठून तरी जांभळं मिळाली आणि तिनं ती एकटीनं संपवली. जुबैदानं क्षणभर हारूनकडे पाहिलं, मग हसत म्हणाली, "हां, खाल्ली. लई गोड व्हती." आबिदा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मोठी झाल्यावर तिनं त्याची गंमत केली, आईनं कशालाही नाही म्हटलं की ती सगळ्यांसमोर म्हणायची, "कर्फ्यूत एकटीनं जांभळं खाणारी बाई ही, हिच्याकडून काय अपेक्षा करता?" जुबैदा गेली त्या दिवशीही बायकांच्या घोळक्यात तिनं हेच सांगितलं, हसता हसता, आणि मग तिला हुंदका आवरेना. हारून पलीकडच्या खोलीत ऐकत होता. आत जाऊन सांगावं असं त्याला फार वाटलं. पण जांभळांची गोष्ट सोडवायला गेलं की तिच्या टोकाला रेघ बांधलेली होती, म्हणून तो तसाच बसून राहिला.

कर्फ्यू सैल झाल्यावर तो हॉस्पिटलात गेला तेव्हा डॉक्टरांनी खंड किती पडला ते विचारलं आणि पुढे रोज जरा जास्त लाईट द्यायचं ठरवलं. मशीनवरच्या माणसानं दिवा लावला. उजेडाचा चौकोन त्याच्या गालावर पडला आणि खाली बोटभर कमी पडला. त्या माणसानं गालाकडे पाहिलं. रेघा ठळक होत्या, जांभळ्या होत्या, सरळ होत्या. त्यानं चाकी फिरवली आणि उजेड रेघांना बसवला. हारूननं तोंड उघडलं. "हिलो मत, बोलो मत," तो माणूस म्हणाला, आणि दरवाजा बंद झाला.

त्या दिवशी सलूनमधून तो घरी आल्यावर आबिदानंच विषय काढला. ती उर्दू शाळेत शिकवायची, सासर जवळच, रोज संध्याकाळी बापाचं जेवण घेऊन यायची. ताट ठेवताना ती त्याच्या तोंडाशी वाकली आणि तशीच थांबली. "अब्बा, तोंड उघडा." त्यानं नकार दिला, चिडला, तुला काय कळतं म्हणाला. तिनं ओढणीनं नाक न झाकता, शाळेतल्या पोराला धरावं तसा त्याचा जबडा धरला आणि खिडकीकडे वळवला. मग तिचा हात सुटला. "हे पांढरं काय हाय आत?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "मला म्हाईत हाय काय हाय ते." दोघंही नंतर जेवले नाहीत. दोन दिवसांनी शेजारच्यांची जीप करून तिनं त्याला मुंबईला नेलं, वेगळ्या हॉस्पिटलात, कारण जुने कागद जुबैदानं कुठे ठेवले होते ते तिलाच ठाऊक.

डॉक्टर बाई होत्या, चंद्रा रोकडे नावाच्या, चाळिशीच्या आतल्या. भिवंडी ऐकल्यावर म्हणाल्या, "मी पडघ्याची. म्हंजे शेजारचीच हाय मी तुमच्या." त्यांनी फोटो काढले, हाडाचा तुकडा तपासायला पाठवला, आठवड्यानं परत बोलावलं. तो आठवडा हारूननं मेलेल्या माणसासारखा काढला. लूमवर गेला, हिशेबात चुका केल्या, कुणी काही विचारलं तर दुसऱ्याच कशाचं उत्तर दिलं. आणि मग डॉक्टरबाई समोर बसून म्हणाल्या, "कॅन्सर नाही, चाचा." आबिदा तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली. हारूनला मात्र आनंद झालाच नाही. "मग तोंडात उगवलंय ते काय?" त्यानं विचारलं. "उगवलेलं नाही. ते तुमचंच हाड आहे, उघडं पडलेलं. ते मेलंय."

तेव्हा त्यांनी त्याला समजावून सांगितलं, आणि ते समजलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला पुढे अनेकदा वाटलं. प्रत्येक पेशीच्या पोटात दुपदरी धागा असतो, त्या म्हणाल्या. पेशीनं काय करायचं, कधी थांबायचं, ते सगळं त्यात असतं. लाईट पेशीला जाळत नाही, तो धागा तोडते, दोन्ही पदरांसकट. चांगली पेशी धागा तुटला की थांबते, सांधायला बघते, नाही जमलं तर मुकाट मरते. कॅन्सरच्या पेशीत थांबवणारी खीळच मोडलेली असते. ती तुटक्या धाग्यानिशी एकाच्या दोन व्हायला जाते आणि फाटते. हे हारूनला सांगायला नको होतं. लूमवर धागा तुटला की त्याच्यावर टांगलेली पत्ती पडते आणि लूम थांबतो. पत्ती गंजली की लूम फाटकं कापड विणत सुटतो, हे त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं. "मग चांगल्या हाडाला काय झालं?" त्यानं विचारलं. "त्याच्याही पेशींचे धागे तेव्हा तुटले होते. पण हाडाला घाई नसते, चाचा. त्या पेशी दोन व्हायलाच जात नाहीत. नुसत्या बसून राहतात. दहा वर्षं, वीस वर्षं. बघितलं तर धडधाकट दिसतात. तुम्ही दात काढलात आणि हाडाला सांगितलंत, भरून काढ. तेव्हा त्या पहिल्यांदा उठायला गेल्या." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

पुढचं त्याला दिसलं. बंद दारांमागे, अंधारात, माणसं बसली आहेत. बारा वर्षं बसली आहेत, न बोलता, दाराला कान लावून. सगळ्या गावातला कर्फ्यू उठला आणि फक्त त्याच्या गालात तो उठलाच नव्हता. तिथे अजून तोच मे महिना होता, तीच शांतता, काड्यापेटीची कड, कांद्याचा आणि मिसरीचा श्वास. बाकीचा हारून म्हातारा झाला, रंडका झाला, पण तेवढ्या जागेनं जुबैदाला मरताना पाहिलंच नव्हतं. आणि मग कुणीतरी दार ठोठावलं, आणि ती भली माणसं एकेक करून उठली. त्याच्या अंगावर काटा आला. गालावर सोडून सगळीकडे आला.

"आता मुद्द्याचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मेलेलं हाड काढून टाकायचं, मध्ये धातूची पट्टी बसवायची, आणि छातीवरची कातडी मांसासकट वळवून गालाला लावायची. छातीच्या कातडीवर केस असतात, तेव्हा दाढी कदाचित भरून येईल, असंही त्या हसून म्हणाल्या. "पण पट्टीचे स्क्रू जिवंत हाडात बसले पाहिजेत. लाईट लागलेलं हाड फोटोत चांगलंच दिसतं. त्यात स्क्रू मारले तर ते सुटतील, जखम परत उघडेल, आणि मग मला पुन्हा कापत हनुवटीपर्यंत जावं लागेल. तेवढं सोसण्याचं तुमचं वय नाही. म्हणून मला कड नक्की पाहिजे. वरची मला दिसतेच आहे. खाली लाईट या चौकोनापर्यंतच होती ना?" त्यांनी मोजा घातलेलं बोट चौकोनाच्या खालच्या कडेला ठेवलं. "हो," हारून म्हणाला.

इतक्या पटकन तो हो म्हणाला की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. डॉक्टरबाईंचं बोट त्या मऊ लवेवरून पुढे गेलं आणि त्यांना काही कळलं नाही. रामनाथला कळलं होतं, पण तो नाक्यावर होता. आबिदा डोळे पुसून बापाकडे प्रेमानं बघत होती. आता सगळं ठरलं होतं. बोटभर जागा तशीच राहणार होती, कुणी तिला विचारणार नव्हतं. हारूनला वाटलं, नाही सांगितलं तर काय होईल? पट्टी सुटेल, जबडा जाईल, कदाचित जीव जाईल. आणि सांगितलं तर? आबिदा विचारेल, ही रेघ कुणी काढली. जिनं त्याला वाचवायला म्हणून जिभेवर जहर रंगवून घेतलं, तिच्याच हातानं त्याचं हाड मेलं, हे तिच्या मुलीला भर दिवसा परक्या बाईसमोर कळेल. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्याला जुबैदाचा राग आला. पहिल्यांदाच आला. का नाही नीट बघितलंस? आणि मग ती समोर असल्यासारखं तिचं बोलणं ऐकू आलं, चुलीपासून ओरडलेलं: त्या बाजूचा दात काढायचा न्हाय. ती जाणत होती. इतकी वर्षं ती बोटभर चूक उराशी घेऊन त्याच्या दातांवर पहारा देत होती, आणि तोही तिनं गोडीनंच दिला. त्याला रडू आलं, आणि उजव्या डोळ्यातलं पाणी दाढीत शिरलं.

"थांबा," तो म्हणाला. "पेन द्या. मी दाखवतो." डॉक्टरबाईंनी कातडीवर खूण करायचं पेन दिलं आणि आबिदानं पर्समधला आरसा धरला. हारूननं पेनाचं टोक तोंडाजवळ नेलं आणि जिभेला लावलं. "अहो, ते ओलं करावं लागत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हां," तो म्हणाला, आणि चौकोनाच्या बोटभर खाली रेघ ओढायला लागला. हात आपोआप चालला. "इथपर्यंत होती. कर्फ्यूत मूळच्या रेघा पुसट झाल्या, म्हणून माझ्या बायकोनं रोज गिरवल्या. गिरवता गिरवता खाली आली. नंतरची सगळी लाईट इथपर्यंत घेतली मी." डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी ती लव बघितली, बोटानं चाचपली. मग त्यांनी विचारलं, "मध्ये किती खंड पडला होता? पुष्कळ?" "पुष्कळ." "खंड पडला की कॅन्सरच्या उरलेल्या पेशी दुप्पट जोरानं वाढायला लागतात," त्या म्हणाल्या. "आणि इथून उतरतात त्या याच बाजूला, खाली." हारूननं त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे ही रेघ खाली आली नसती तर—" "मला माहीत नाही, चाचा. आता ते कुणालाच कळायचं नाही. पण तुम्ही बारा वर्षांनी इथे बसला आहात, तेवढं मला दिसतंय."

हारूनला त्या दुपारी गालाला लावलेला कान आठवला. पांढरा पडलेला चेहरा आठवला. तिला काय ऐकू आलं होतं आणि ते कुठवर पोचलेलं ऐकू आलं होतं, हे विचारायला आता कुणी नव्हतं. "आजच दाखल व्हा, उद्या सकाळी ऑपरेशन," डॉक्टरबाई उठत म्हणाल्या. "तोवर ही रेघ जाता कामा नये." त्या बाहेर गेल्या. आबिदा आरसा धरूनच उभी होती. ती बापाच्या गालाकडे बघत नव्हती. "अब्बा," ती म्हणाली, "जीभ दाखवा." त्यानं लहान पोरासारखी जीभ बाहेर काढली. तिच्या टोकावर जांभळा डाग होता. आबिदा बघत राहिली. "जांभलं नव्हती," ती म्हणाली.

"न्हाय," हारून म्हणाला. "जांभलं नव्हती, बेटा."

तिनं आरसा पर्समध्ये टाकला, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याची मान उजेडाकडे वळवली. जबड्याच्या काठाशी, जिथे त्याला स्वतःला दिसत नव्हतं, तिथे रेघ तुटली होती. तिचा श्वास त्याच्या कानावर आला. "हलू नका तुमी," ती म्हणाली.